दोन ते पाच सेंटिमीटरचा फरक: आखूड पायासाठी कोणती शस्त्रक्रिया आणि कोणत्या वयात

दोन्ही पायांच्या लांबीत पाच-सात मिलिमीटरचा फरक पुष्कळांना असतो आणि तो त्यांना आयुष्यभर कळतही नाही. एक-दीड सेंटिमीटरपर्यंतचा फरक शरीर कमरेचा थोडा तोल बदलून सांभाळून घेतं. साधारण २ सेंमीच्या पुढे चाल बदलते: मूल लांब पायाचा गुडघा किंचित वाकवून उभं राहतं किंवा आखूड पायाची टाच उचलून चालतं. शस्त्रक्रियेचा विचार इथून पुढे सुरू होतो. ५ सेंमीच्या वरचा फरक हे वेगळं प्रकरण आहे. तिथे पाय लांब करावाच लागतो, कधी दोन टप्प्यांत. या लेखात फक्त २ ते ५ सेंमीचा विचार केला आहे, कारण याच टप्प्यात एकाहून जास्त रस्ते खुले असतात आणि चुकीचा रस्ता धरण्याची शक्यताही याच टप्प्यात जास्त असते.

आधी बिनशस्त्रक्रियेचा उपाय. १ सेंमीपर्यंतचा उंचवटा जोड्याच्या आत, टाचेखाली बसतो. त्याहून जाड केला तर टाच जोड्यातून वर निसटते, म्हणून उरलेली उंची तळव्याला बाहेरून लावून घ्यावी लागते. पूर्ण फरक भरून काढायची गरज नसते. ३ सेंमीचा फरक असेल तर २ सेंमी भरूनही चाल बरीच सुधारते. पण आपल्याकडे जोडा दाराबाहेर काढला की उंचवटाही दाराबाहेरच राहतो. स्वयंपाकघर, देवघर, शेत, अंगण सगळीकडे अनवाणी वावरणाऱ्या माणसाला जोड्याचा उपयोग दिवसातले काही तासच. शस्त्रक्रिया हवी असं म्हणायला हे रास्त कारण आहे, आणि डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं.

माप चुकलं तर पुढचं सगळं चुकतं

टेपने मोजताना कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते आतल्या घोट्याचं टोक असं अंतर घेतात. बेंबीपासून घोट्यापर्यंतचं माप वेगळं असतं. ते पाय किती आखूड *दिसतो* हे सांगतं, हाड किती आखूड आहे हे सांगत नाही. खुबा आतल्या बाजूला आखडला असेल तर सारख्या लांबीचा पाय आखूड भासतो, बाहेरच्या बाजूला आखडला असेल तर लांब भासतो. पाठीचा कणा वाकडा असला तरी कंबर तिरकी होते. अशा माणसाचं हाड कापलं तर नसलेला फरक तयार होतो. म्हणून बेंबीपासूनचं माप आणि कमरेच्या हाडापासूनचं माप जुळत नसेल तर आधी खुबा आणि कणा तपासून घ्या.

टेपने सेंटिमीटरभराची चूक सहज होते. त्यापेक्षा लाकडी पट्ट्यांची चाचणी जास्त भरवशाची. दोन्ही गुडघे सरळ ठेवून माणसाला उभं करायचं आणि आखूड पायाखाली ५ मिमी, १ सेंमी, २ सेंमी जाडीच्या पट्ट्या सरकवत जायचं. मागून पाहिल्यावर कंबरेची दोन्ही बाजूंची हाडं एका पातळीत आली की थांबायचं. पायाखालच्या पट्ट्यांची जाडी म्हणजे फरक. या मापात पाऊलही धरलं जातं. वाकड्या पावलाचा, म्हणजे क्लबफूटचा, उपचार झालेल्या मुलांमध्ये हे महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्या पावलाची उंचीही कमी असते आणि घोट्यापर्यंतच्या टेपला ती दिसत नाही.

कोणतं हाड आखूड आहे हे घरीही ढोबळमानाने कळतं. मुलाला पाठीवर झोपवा, दोन्ही गुडघे वाकवून तळवे शेजारी-शेजारी टेकवा. बाजूने पाहताना एक गुडघा खाली दिसला तर नडगी आखूड. एक गुडघा मागे, कमरेकडे सरकलेला दिसला तर मांडीचं हाड आखूड. याच चाचणीत खुब्याचा सांधा निखळलेला असला तरी गुडघा मागे दिसतो, म्हणून लहान बाळात असं दिसल्यास खुब्याची तपासणी लगेच करून घ्यावी.

शेवटचं माप एक्स-रेवरच. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एका फिल्ममध्ये, उभं राहून, गुडघ्याच्या वाट्या समोर, आखूड पायाखाली ठोकळा, आणि फिल्मवर हाड किती मोठं दिसतंय हे ताडायला हाडाच्या उंचीला लावलेली २५ मिमीची गोळी. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर हा एक्स-रे खोटं माप दाखवतो, तिथे सीटी स्कॅनोग्राम, म्हणजे सीटी यंत्रावर पूर्ण पायांच्या लांबीचं माप, करावा. दरवेळी तोच प्रकार, शक्यतो त्याच केंद्रात. यंदाचा एक्स-रे एकीकडचा आणि पुढच्या वर्षीचा दुसरीकडचा असेल तर फरक वाढला की यंत्र बदललं हे सांगता येत नाही. जुन्या फिल्म आणि सीडी फेकू नका.

फरक वाढतोय, थांबलाय की पुढे वाढणार आहे?

मूल वाढत असेल तर आजच्या आकड्यापेक्षा वाढ पूर्ण होतानाचा आकडा महत्त्वाचा. तो कारणावर ठरतो.

जन्मजात आखूड हाडात दोन्ही पायांचं प्रमाण साधारण तेच राहतं, म्हणजे मूल वाढतं तसा फरकही त्याच पटीत वाढतो. याचा हिशेब सोपा आहे. वय आणि मुलगा-मुलगी पाहून एक गुणक घ्यायचा आणि आजच्या फरकाला त्याने गुणायचं. मुलासाठी १०व्या वर्षी १.३१, १२व्या वर्षी १.१८. मुलीसाठी ८व्या वर्षी १.३३, १०व्या वर्षी १.१९, १२व्या वर्षी १.०७. मुलींची वाढ लवकर संपते, त्यामुळे त्यांचे आकडे लवकर १ च्या जवळ येतात.

अपघातात किंवा हाडातल्या पू-संसर्गात वाढीची चकती मेली असेल तर गोष्ट वेगळी. हाडाच्या टोकाजवळची ही कूर्चेची चकती, जिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात, तिथेच हाड लांबतं. गुडघ्याच्या वरची चकती बंद पडली तर फरक वर्षाला जवळपास १ सेंमीने वाढतो. तिथे गुणक चालत नाही, उरलेल्या वर्षांची वाढ सरळ मिळवावी लागते.

मांडीचं हाड मोडून जुळल्यावर याच्या उलट होतं. २ ते १० वर्षांच्या मुलात ते हाड पुढची दीड-दोन वर्षं जास्त वेगाने वाढतं आणि साधारण १ सेंमी पुढे जातं. मग थांबतं. अशा मुलाच्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. दोन वर्षांनी मोजावं.

इथे एक गोष्ट आखूडपणाशी संबंधित नसली तरी सांगायलाच हवी. काही मुलांत एक पाय आखूड नसतो, दुसरा जास्त वाढलेला असतो. लांब आणि जाडही, कधी हात आणि गालही त्याच बाजूचे मोठे. या मुलांत विल्म्स ट्यूमर या मूत्रपिंडाच्या कर्करोगाची जोखीम असते. म्हणून सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. पायाचं माप घेणारे डॉक्टर हाडांचे असले तरी ही सोनोग्राफी सुरू आहे ना, हे आईवडिलांनी विचारावं.

वाढत्या मुलात: लांब पायाची वाढ वेळेवर थांबवणे

२ ते ५ सेंमीच्या फरकासाठी आणि वाढ शिल्लक असलेल्या मुलासाठी हीच पहिली निवड असावी. शस्त्रक्रिया लहान, पाय काही दिवसांत जमिनीवर, धोके कमी. लांब पायाच्या गुडघ्याजवळची चकती बंद करायची, आखूड पाय वाढत राहतो आणि गाठतो. डॉक्टर याला एपिफिजिओडेसिस म्हणतात.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चांगल्या पायाला हात कशाला लावायचा? कारण चांगला पाय बरा होतो. निरोगी हाड, निरोगी स्नायू, निरोगी रक्तपुरवठा. आखूड पाय लांब करायचा तर त्याच कमकुवत बाजूच्या स्नायूंना आणि नसांना ताणावं लागतं. किंमत एकच: मुलाची होणारी उंची तेवढ्या सेंटिमीटरने कमी होते. ३ सेंमी उंची जाणं आणि काही महिने हाड लांब करणारी रिंग पायात घालून शाळा बुडवणं यांतलं निवडायचं असेल, तर बहुतेक घरांसाठी उत्तर सोपं आहे. मूल मुळातच बुटकं राहणार असेल तर मात्र हा प्रश्न खरा आहे आणि त्याची चर्चा आधी व्हावी.

सगळा खेळ वेळेचा आहे. पायाची सुमारे ६५ टक्के वाढ गुडघ्याभोवती होते: ३७ टक्के मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, २८ टक्के नडगीच्या वरच्या टोकाला. शेवटच्या वर्षांत मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला सुमारे १ सेंमी आणि नडगीचं वरचं टोक सुमारे ०.६ सेंमी देतं. मुलींची वाढ १४ला आणि मुलांची १६ला थांबते असं धरून हिशेब करतात.

उदाहरण घेऊ. १२ वर्षांचा मुलगा, जन्मजात फरक ३ सेंमी. १.१८ ने गुणलं की वाढ संपताना सुमारे ३.५ सेंमी. आपल्याला शून्यावर यायचं नाही, अर्धा-पाऊण सेंटिमीटर आखूड राहिला तर चालतो. म्हणजे २.७ सेंमी मिळवायचे. फक्त मांडीचं हाड थांबवलं तर १६ च्या २.७ वर्षं आधी, म्हणजे १३ वर्षं ४ महिन्यांना शस्त्रक्रिया. दोन्ही हाडं थांबवली तर वर्षाला १.६ सेंमी मिळतात, म्हणजे पावणेदोन वर्षं पुरतात आणि शस्त्रक्रिया १४ वर्षं ४ महिन्यांना. हाच मुलगा १५व्या वर्षी आला तर दोन्ही हाडं थांबवूनही १.६ सेंमीच हाती लागतात.

आता १२ वर्षांची मुलगी घ्या, फरक तोच ३ सेंमी. अंतिम फरक ३.२. दोन्ही हाडं आजच थांबवली तर १४पर्यंत ३.२ मिळतात. एक वर्ष थांबलं तर निम्मे. म्हणून मुलींच्या बाबतीत दहाव्या वर्षीच हाडांच्या डॉक्टरांकडे मापं सुरू व्हायला हवीत. पाळी सुरू झाल्यावर आणलेल्या मुलीकडे वेळ थोडाच उरलेला असतो.

वय म्हणजे वाढदिवसाचं वय नव्हे, हेही पाहावं लागतं. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. ते जन्मतारखेपेक्षा वर्षभर पुढे-मागे असेल तर हाडांच्या वयाला जास्त महत्त्व द्यावं. एका मापावर तारीख ठरवू नये. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने घेतलेली निदान तीन मापं एका रेषेत येतात का ते पाहावं.

एका ठिकाणी हा हिशेब पालकांना फसवतो. आखूड पायाची गुडघ्याच्या वरची चकती मेलेली असेल आणि लांब पायाची तीच चकती बंद केली, तर फरक कमी होत नाही. आज आहे तेवढाच राहतो, वाढायचा थांबतो. कारण गाठणारं कुणी उरलेलंच नाही. अशा मुलात लांब पायाच्या दोन्ही चकत्या थांबवाव्या लागतात किंवा वेगळा मार्ग घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेच्या पद्धती तीन. सगळ्यात जुनी, १९३३ मध्ये फेमिस्टर यांनी सांगितलेली: चकतीवरून हाडाचा चौकोनी तुकडा काढून फिरवून परत बसवायचा. आता तिची जागा बारीक छेदाच्या ड्रिलने घेतली आहे. गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर चीर, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत चकतीत ड्रिल आणि चमच्यासारख्या क्युरेटने कडेची कूर्चा खरवडायची. तिथे हाडाचा पूल तयार होतो आणि वाढ थांबते. चिरेची खूण पुढे शोधावी लागते. हा बदल परत फिरवता येत नाही, म्हणून हिशेबावर पूर्ण विश्वास हवा.

दुसरी पद्धत: चकती ओलांडून जाणारे दोन जाड स्क्रू. मेटेझो यांनी १९९८ मध्ये ती मांडली. छेद आणखी लहान, आणि वाढ शिल्लक असेल तर स्क्रू काढून हाड पुन्हा वाढायला सोडता येतं, निदान तशी अपेक्षा असते. स्क्रूंचा परिणाम दिसायला काही महिने जातात, म्हणून ड्रिलपेक्षा थोडं आधी करावं. तिसरी: प्रत्येक बाजूला एक छोटी प्लेट आणि दोन स्क्रू, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. वाकडे गुडघे सरळ करायला ही प्लेट फार चांगली. लांबी थांबवायला मात्र ती मंद आणि कमी भरवशाची आहे. कुणी लांबीच्या फरकासाठी ही सुचवली तर ड्रिल किंवा स्क्रू का नाही, हे विचारा.

नडगीचं वरचं टोक लवकर थांबवलं आणि बरीच वाढ शिल्लक असली, तर शेजारचं बारीक हाड, फिब्युला, वाढत राहतं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला वर सरकतं. नडगीतून सुमारे अडीच सेंटिमीटर किंवा जास्त घालवायचं असेल तर फिब्युलाची चकतीही थांबवतात. तिथून पाऊल वर उचलणारी नस जाते, त्यामुळे हे काम सवयीच्या हातांनी व्हावं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पालकांनी एक गोष्ट स्वतः पाहावी. संमतीपत्रावर *लांब* पाय, डावा की उजवा, शब्दांत लिहिलेला आहे का, आणि भूल देण्याआधी त्याच पायावर मार्करने खूण आहे का. मूल लंगडतं तो पाय दुसरा असतो, त्यामुळे बाजूची गफलत व्हायला इथे नेहमीपेक्षा जास्त वाव आहे.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. कुबड्यांच्या आधाराने पाय टेकवता येतो, गुडघा वाकवायला पहिल्याच दिवसांत सुरुवात. दोन-तीन आठवड्यांत शाळा. धावणं, उड्या, कबड्डी, क्रिकेट सहा ते आठ आठवडे बंद, कारण खरवडलेली जागा तेवढा काळ कमकुवत असते. गुडघ्यात थोडी सूज आणि पाणी येतं, ते उतरतं.

पुढे काय बिघडू शकतं? चकतीची एक बाजू बंद झाली आणि दुसरी चालू राहिली तर गुडघा आत किंवा बाहेर वळत जातो. नडगीत पुढची बाजू आधी बंद पडली तर गुडघा मागे झुकतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी हाडाचा पूल दोन्ही बाजूंना दिसतो का हे एक्स-रेवर पाहायचं आणि मग वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी पूर्ण लांबीचा एक्स-रे. शस्त्रक्रिया छान झाली म्हणून या फेऱ्या बंद करणारे पालकच पुढे वाकडा गुडघा घेऊन येतात.

वाढ संपल्यावर: लांब पाय आखूड करणे

सतरा-अठराच्या पुढे चकती थांबवण्याचा रस्ता बंद. मग दोनच उरतात, लांब हाड कापून आखूड करणं किंवा आखूड हाड ओढून लांब करणं. कापण्याआधी काही महिने पूर्ण उंचवट्याचा जोडा घालून पाहा. वर्षानुवर्षं तिरकी राहिलेली कंबर आणि कणा कधी ताठर झालेले असतात. उंचवट्याने पाठ जास्त दुखायला लागली तर पूर्ण बरोबरी तुम्हाला मानवणारी नाही, हे शस्त्रक्रियेविनाच कळतं.

आखूड करायचं ते शक्यतो मांडीचं हाड. मर्यादा साधारण ४ ते ५ सेंमी, किंवा हाडाच्या लांबीचा दहावा हिस्सा. हाड ४२ सेंमीचं असेल तर ४ सेंमीवर थांबलेलं बरं. नडगीत ३ सेंमीच्या पुढे जाऊ नये. तिथे स्नायूंचे कप्पे घट्ट असतात, आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटायचा धोका असतो, आणि पावलाचे स्नायू सैल पडतात.

चांगली पद्धत बंद छेदाची. खुब्याजवळच्या लहान चिरेतून हाडाची पोकळी रीमर नावाच्या ड्रिलने रुंद करतात, आतून फिरणारी करवत सरकवून हाड आतल्या बाजूने दोन जागी कापतात, मधलं कडं फोडून बाजूला सारतात, दोन्ही टोकं भिडवतात आणि लांब रॉड घालून वर-खाली स्क्रूने लॉक करतात. ही करवत सगळीकडे नसते. नसेल तर मांडीवर छेद घेऊन तुकडा काढला तरी निकाल चांगला येतो. चीर मोठी येते आणि हाड जुळायला थोडा वेळ जास्त लागतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. रीमिंग करताना पोकळीतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते. म्हणून दाब निघून जायला हाडाच्या खालच्या टोकाला एक छिद्र पाडतात. दुसरं, कापलेली टोकं एकमेकांवर फिरली तर पाऊल बाहेर किंवा आत वळलेलं राहतं. त्यासाठी कापण्याआधी वरच्या आणि खालच्या भागात खुणेच्या पिना ठोकून ठेवतात.

मांडीचा पुढचा स्नायू हाडापेक्षा लांब उरतो, सैल पडतो. गुडघा शेवटचे काही अंश स्वतःच्या ताकदीने सरळ करता येत नाही. ही तक्रार जवळपास प्रत्येकाला येते आणि सहा महिने ते वर्षभराच्या व्यायामाने जाते. व्यायाम केला नाही तर रेंगाळते. सहा ते आठ आठवडे अर्धं वजन, कुबड्या. हाड पूर्ण जुळायला तीन ते सहा महिने.

२ ते ४ सेंमीसाठी, उंचीची फार चिंता नसलेल्या प्रौढाला, हा मार्ग आम्ही वर ठेवतो. एक शस्त्रक्रिया, मोजका काळ, अंदाज बांधता येण्यासारखा निकाल. तरी उंची कमी होणं अनेकांना सहन होत नाही आणि ते म्हणणंही ऐकून घेण्यासारखं आहे.

आखूड पाय लांब करणे

हे तंत्र सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात उभं केलं. हाड कापून हळूहळू दूर सारलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आपल्याकडे लोक याला 'रिंग बसवणं' म्हणतात.

क्रम असा. हाडाला रिंगा आणि तारा किंवा पिना बसवून हाड कापायचं. पाच ते सात दिवस काहीच फिरवायचं नाही, फटीत पहिली गाठ तयार होऊ द्यायची. मग दिवसाला १ मिमी, तेही एकदम नाही, दर सहा तासांनी पाव मिमी असे चार वेळा. मोठ्यांच्या नडगीत बरेचदा दिवसाला ०.७५ मिमी. ३ सेंमीला ओढायला महिनाभर लागतो, पण रिंग तेव्हा निघत नाही. नवं हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. मुलांत एका सेंटिमीटरमागे एकूण ३० ते ४५ दिवस धरावेत, मोठ्यांत जास्त. एक्स-रेवर फटीच्या चारपैकी तीन बाजूंना हाडाची कड दिसल्याशिवाय रिंग काढू देऊ नका. घाईने काढलेल्या रिंगेनंतर हाड वाकतं किंवा मोडतं.

प्रत्येक फिरवणीची वेळ वहीत लिहा. दोनदा फिरवलं किंवा उलटं फिरवलं, ही घरी होणारी नेहमीची चूक आहे. पहिल्या दिवशी नटावर नेलपॉलिशने दिशेची खूण करून घ्या. पिनांभोवती लालसर होणं, थोडं पाणी येणं जवळजवळ सर्वांना होतं. रोज स्वच्छ गॉज आणि डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने पुसायचं, खपली ओढून काढायची नाही, हळद किंवा तेल लावायचं नाही. पू, ताप किंवा पिन हलायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येणार नाही, म्हणून कमोड खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधीच घरी आणून ठेवा.

खरा त्रास हाडाचा नसतो, स्नायूंचा असतो. हाड वाढतं, स्नायू मागे राहतात. मांडी लांब करताना गुडघा आखडतो, नडगी लांब करताना टाच वर ओढली जाते. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट आणि दिवसातून तीन-चार वेळा ताण देण्याचे व्यायाम, यांत एकही दिवस सुट्टी नाही. गुडघ्याचं वाकणं आठवड्यागणिक कमी होत गेलं तर ओढण्याचा वेग कमी करायचा किंवा थांबवायचं. हा निर्णय फिजिओथेरपिस्ट आणि सर्जन मिळून घेतात. अंगठा वर उचलता येईना, पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर पुढची फिरवणी करू नका आणि लगेच फोन करा. नस ताणली जात असते आणि वेळीच थांबलं तर बहुतेक वेळा सावरते. याउलट फिरवायला एकदम जड गेलं, दुखणं वाढलं आणि एक्स-रेत फट वाढत नाही असं दिसलं, तर हाड वेळेआधी जुळलं आहे. ते पुन्हा कापावं लागतं.

बाहेर काहीच नको असेल तर आतला, लांबणारा चुंबकीय रॉड. रॉडमध्ये चुंबक आणि स्क्रू असतो, बाहेरून यंत्र धरलं की तो लांबतो. पिनांचा संसर्ग नाही, झोप लागते, गुडघा जास्त चांगला राहतो. महाग आहे, आणि हाड कडक होईपर्यंत त्यावर पूर्ण वजन देता येत नाही. तो आत असताना एमआरआय करता येत नाही आणि साधारण वर्षभराने काढून घ्यावा लागतो. वजन पेलण्यासाठी काढलेला स्टेनलेस स्टीलचा एक रॉड गंजाच्या तक्रारींमुळे २०२१ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. म्हणून कोणत्या नावाचा, कोणत्या धातूचा रॉड बसवणार हे लेखी घ्या. मांडीचं हाड त्याच्याच रेषेत लांबलं की गुडघा किंचित आत ढकलला जातो. आधीच गुडघे एकमेकांना घासणाऱ्या माणसात याचा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवा. जन्मजात आखूड मांडीत खुब्याची वाटी उथळ असेल तर ओढताना खुबा निसटतो, तिथे आधी वाटी दुरुस्त करतात.

तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी: नवं हाड तयार होण्याच्या आड येणाऱ्या या गोष्टी शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी सुटलेल्या हव्यात. मिश्रीला लोक तंबाखू समजत नाहीत, म्हणून डॉक्टरांना ती वेगळी सांगा. 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, आणि रॉड किंवा रिंग त्यात धरली आहे का, हे दोन प्रश्न त्याला वेगवेगळे विचारा.

पोलिओ आणि लुळा पाय

लुळ्या पायाची बरोबरी कधीच पूर्ण करू नये. पाऊल वर उचलता येत नसेल तर एक-दीड सेंटिमीटर आखूडपणामुळेच ते पुढे टाकताना जमिनीला न अडता जातं. कॅलिपर वापरणाऱ्याचंही तेच. पोलिओ झालेल्यांपैकी अनेकांची टाच वर राहते आणि त्या टाचेच्या ताणानेच गुडघा मागे ढकलला जाऊन उभं राहताना लॉक होतो. टाच खाली आणली किंवा पाय लांब केला की तो गुडघा अचानक दुमडतो आणि वर्षानुवर्षं विनाआधार चालणारा माणूस मांडीवर हात दाबून चालू लागतो. म्हणून कोणताही निर्णय घेण्याआधी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद तपासावी, जोड्यातला उंचवटा बदलून निरनिराळ्या उंचीला चालून पाहावं, आणि ज्या उंचीला माणूस कमी थकून आणि न अडखळता चालतो तीच उंची पक्की करावी, मग एक्स-रेवरचा आकडा काहीही असो.